मृगाचा पाऊस आणि आमचा माळ

मे महिन्याच्या अखेरीस जो कोणी परगावचा पाहुणा आमच्याकडे उतरतो, तो आमच्या माळाकडे एकवार नजर टाकून हटकून एकच प्रश्न विचारतो, "फादर, एवढी जमीन अशी ओसाड का हो पडली आहे?" त्या बिचाऱ्या पाहुण्याचा यात काही दोष नाही. बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेला हा माळ त्या दिवसांत खरोखरच डोळ्यांना सलतो. तांबडा जांभा तापून भट्टीतल्या विटेसारखा झालेला असतो. गवताच्या जुन्या काडीला हात लावावा, तर तिचा चुरा होतो. दुपारच्या वेळी एखादी टिटवी ओरडत गेली, तर येथे काही सजीव आहे याचा तेवढाच पुरावा. सायंकाळी वावटळ उठते, धूळ चर्चच्या दारापर्यंत येते, आणि मिस्साला आलेल्या आयाबाया पदराने तोंड पुशीत मनातल्या मनात मृग नक्षत्राचे दिवस मोजू लागतात.

वाचकहो, आज आम्ही आपणांस याच माळावर घेऊन जाणार आहोत. मात्र मे महिन्यात नव्हे, पहिल्या पावसानंतर.

कोकणातील वाचकांसाठी प्रथम थोडा भूगोल सांगणे प्राप्त आहे. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० फूट उंच आहे. वर जांभ्या दगडाचे जाड कवच, आणि कडेने उतरू लागले की काळी कसदार जमीन. हा सारा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून आमच्या गावांत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा एकाच पारावर बसतात. पाऊस वर्षाकाठी सुमारे ३४ इंच. कोकणात याच्या तिप्पट पडतो. परंतु हे ३४ इंच जवळजवळ सगळेच्या सगळे मृगापासून हस्तापर्यंत पडतात, आणि उरलेले सात-आठ महिने माळ त्या शिदोरीवर काढतो. एवढ्या पावसावर घनदाट जंगल वाढत नाही. वाढते ते गवत, आणि त्या गवतात मधूनमधून हिवर, बोर, पळस, तरवड अशी काटक झाडेझुडपे.

हे आज आम्ही शहाण्यासारखे लिहीत आहोत, परंतु सात वर्षांपूर्वी या धर्मग्रामात नव्याने आलो तेव्हा आम्हीही त्या पाहुण्यासारखेच बोललो होतो. नुसते बोललो असतो तरी चालले असते. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै महिना आला की झाडे लावावयाची, हे आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले गोळा केली, कुदळी-फावडी घेतली, आणि गावाच्या गायरानावर ओळीने पन्नास खड्डे खणले. पाऊस पडला म्हणजे त्यांत गिरिपुष्पाची रोपे लावावयाची, असा बेत होता. मुले घामाघूम झाली, आम्ही त्यांना गूळ-शेंगदाणे वाटले, आणि मोठे पुण्यकर्म केल्याच्या समाधानाने परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातील एक वृद्ध धनगर चर्चच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. सारे गाव त्यांना कानडी रीतीने 'अज्जा' म्हणते. खांद्यावर घोंगडे, हातात काठी. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, आमच्या जेवायच्या ताटात तुम्ही भोकं पाडलीत की."

आम्ही त्यांना झाडांचे महत्त्व समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले, आणि जाताना एवढेच म्हणाले, "मिरग निघू द्या. मग माझ्यासंगं चला एकदा."

मृग त्या वर्षी दोन-तीन दिवस उशिराने निघाला. रात्री विजा कडाडल्या, जांभ्यावर पाण्याचा पहिला सपकारा बसला, आणि पहाटे आम्ही शब्द दिल्याप्रमाणे अज्जांबरोबर निघालो. पुढे आम्ही जे पाहिले, त्याने आमची मान खाली गेली, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

प्रथम दिसले ते मृगाचे किडे. लाल मखमलीच्या तुकड्यासारखा हा जीव आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी काडेपेटीत घालून ठेवला असेल. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो, आणि पहिल्या सरींनंतर मोजके दिवसच वर येतो. तो का येतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्याच सुमारास वाळवीला पंख फुटून तिचे थवेच्या थवे बिळांतून बाहेर पडतात, आणि ही वाळवी म्हणजे त्या मखमली किड्याची वर्षाची मेजवानी. ती एकट्या त्याचीच नव्हे. त्या सकाळी प्रत्येक वारुळाभोवती पंगत बसली होती. चंडोल, चिमण्या, सरडे, कोळी, बेडूक, आणि वरच्या वर झेलून खाणारे कोतवाल. अज्जांच्या मेंढ्यादेखील त्या गर्दीला वळसा घालून गेल्या.

बेडकांचे तर विशेषच. मे महिन्यात जेथे ओलाव्याचा टिपूस नव्हता, तेथे एका रात्रीत शेकडो बेडूक आले कोठून? आकाशातून पडले, असे आमची आजी सांगत असे. खरी गोष्ट त्याहून नवलाची आहे. या माळावरील काही जातींच्या बेडकांच्या मागच्या पायाला फावड्यासारखी कडक गाठ असते. तिने माती मागे सारीत ते पाठमोरे जमिनीत उतरतात आणि कोरडे महिने तेथे निपचित काढतात. पाऊस वाजला की वर येतात. डबक्याचे पाणी महिनाभरात आटणार, हे जणू त्यांना पाठ असते. त्या मुदतीत अंडी, बेडूकमाशा, चार पायांचे पिल्लू, असा सगळा संसार उरकावा लागतो. मोठ्या जातीचा नर बेडूक तर त्या दिवसांत हळदीने माखल्यासारखा पिवळाजर्द होतो. याच मोठ्या बेडकांच्या तंगड्या एके काळी आपल्या देशातून परदेशी निर्यात होत असत. शेतांतील किडे वाढू लागल्याची ओरड झाली, आणि १९८७ मध्ये ती निर्यात सरकारने बंद केली.

आठवडा उलटला, आणि माळ हिरवा झाला. हे वाक्य लिहावयास सोपे आहे, परंतु त्यामागची यंत्रणा पाहण्यासारखी आहे. गवताची पाती वाळली, चरली गेली, प्रसंगी जळाली, तरी त्याचा जीव असतो जमिनीखाली. मुळांचे जाळे वर दिसणाऱ्या पात्यापेक्षा कितीतरी मोठे असते. झाडाला उंची गाठण्यास वर्षे लागतात. गवत आपली पुंजी खाली पुरून ठेवते आणि पाणी मिळताच चार दिवसांत ती वर काढते. पवना, मारवेल, रोशा आणि कुसळी ही आमच्याकडची नेहमीची गवते. त्यांतील कुसळी आम्हांस विशेष प्रिय आहे. शुभवर्तमानात भावाच्या डोळ्यातील ज्या कुसळाची गोष्ट आपण ऐकतो, त्याचा अर्थ ज्याने आमच्या माळावर धोतर नेसून फेरी मारली आहे, त्याला अधिक सांगावा लागत नाही. या कुसळाच्या बीला एक लांब, पीळदार शेपटी असते. हवेत ओल आली की ती पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते; आणि या फिरकीने बी स्क्रूसारखे जमिनीत शिरते. कोणी पेरले नाही, कोणी नांगरले नाही, तरी पुढच्या मृगासाठी बी योग्य खोलीवर जाऊन बसलेले असते.

गवत घोट्याएवढे झाले की पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. चातक येतो. डोक्यावर तुरा असलेला हा काळा-पांढरा पक्षी मोसमी वाऱ्याच्या पाठीवर बसून आफ्रिकेतून समुद्र ओलांडतो. तो केवळ पावसाचे थेंब पितो ही कवींची कल्पना; खरे पाहता तो केसाळ सुरवंटांवर ताव मारतो. आणि इतक्या लांबून आलेला हा प्रवासी घरटे म्हणून बांधीत नाही. आपले अंडे गुपचूप सातभाईंच्या घरट्यात घालतो, आणि ते भाबडे सात भाऊ परक्याचे पोर आपले समजून वाढवितात. लावे गवतात बोलू लागतात. सुगरणीचा नर ओल्या पात्याच्या बारीक चिरोट्या काढून विहिरीवरच्या बाभळीला घरटे टांगतो. वाळल्या गवताला तो वाक येत नाही, म्हणून ही कारागिरी पावसाळ्यावाचून होणे नाही.

आणि काळवीट. पावसाळ्यात खालची काळी जमीन चिखलाने पाय धरू लागली की कळप वरच्या जांभ्यावर चढलेले आम्ही दरवर्षी पाहतो. नराची ती काळी कांती, पिळाची शिंगे आणि हिरव्या गवतावरून घेतलेल्या उड्या यांचे वर्णन करण्याचा मोह आम्ही आवरतो. आम्हांस सांगावयाचे आहे ते पाडसाचे. काळविटाची मादी एका वेळी एकच पाडस देते, आणि पहिले काही दिवस त्याला गवतात निजवून स्वतः दूर चरावयास जाते. पाडस हलत नाही, ओरडत नाही. आई दूध पाजण्यापुरती परत येते. गुडघ्याएवढे गवत हेच त्याचे घर, हेच त्याचे कुंपण. त्या सकाळी अज्जांनी काठीने आम्हांस थांबविले आणि ओठावर बोट ठेवले. आमच्या एका खड्ड्यापासून दहा पावलांवर मातीच्या रंगाचे एक पाडस मान जमिनीला टेकवून पडले होते. त्याचे मोठे डोळे आमच्याकडे लागलेले, आणि अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरत नव्हती. आम्ही उलट पावली परतलो. ताटातली भोके कोणाच्या ताटात पडली होती, ते त्या वेळी आम्हांस उमगले.

या माळाचे काही पाहुणे मात्र आता येत नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, हे कित्येक वाचकांना ठाऊक असेल. हा पक्षी माणसाच्या कंबरेहून उंच, नराचे वजन बारा-पंधरा किलो, आणि मादी पावसाळ्यात उघड्या माळावर एकच अंडे घालते. अशा पक्ष्याला नांगर, मोकाट कुत्री आणि विजेच्या तारा यांतून वाट काढणे कठीण. आज साऱ्या देशात माळढोक उरले आहेत ते दीडशेच्या आसपास, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात. त्याचा धाकटा भाऊबंद तणमोर. पावसाळ्यात त्याचा नर मादीला दिसावे म्हणून गवताच्या वर माणसाएवढ्या उंच उड्या मारतो, दिवसाकाठी शेकडो. गवतच नसेल, तर उडी कशावरून मारावयाची? अज्जांनी लहानपणी वडिलांबरोबर माळढोक पाहिल्याचे ते सांगतात. त्यांच्या नातवाने तो पाठ्यपुस्तकातील चित्रात पाहिला आहे.

वाचक म्हणतील, फादर पाखरांचे कौतुक करीत बसले, माणसांचे काय? माणसांचे सांगतो. जांभा हा दगड सच्छिद्र आहे. वर गवताचे आवरण असले की पावसाचे पाणी धावत सुटत नाही; ते थबकते, जांभ्याच्या छिद्रांतून खाली मुरते, आणि तळाच्या चिकण थराला अडून पठाराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. बिदरजवळचे पापनाशाचे पाणी आणि नरसिंह झऱ्याचे गुहेतले पाणी ही या जांभ्याचीच देणगी. पंधराव्या शतकात बहामनी राज्यकर्त्यांना हे इतके चांगले कळले होते, की नौबादजवळ त्यांनी इराणी पद्धतीचे भुयार खणून, त्याला ठिकठिकाणी उभ्या विहिरी पाडून, हे मुरलेले पाणी वळवून घेतले. लोक त्याला 'सुरंग बावी' म्हणतात, आणि ती आजही पाहावयास मिळते. माळावर पडलेला पाऊस असा गावाच्या घागरीत उतरतो. आमच्या धर्मग्रामातील ज्या दोन विहिरी एप्रिलपर्यंत टिकतात, त्या दोन्ही गायरानाच्या उताराखाली आहेत. हा योगायोग नव्हे.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही येथे नव्हतो. एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी भरून लातूरला न्यावे लागले, ती बातमी सर्वांनी वाचलेली आहे. लातूर आमच्या सीमेला लागूनच. त्या वर्षी गावातील निम्मी जनावरे बाजारात गेली, असे वडीलधारी मंडळी सांगतात. मग पाऊस आला. शेतात पेरलेले हाती येण्यास तीन-चार महिने लागतात. गायरानावरचे गवत मात्र पंधरा दिवसांत जनावराच्या तोंडी लागले. उरलेल्या म्हशी त्या गवताने तगल्या, आणि मुलांच्या दुधाचा प्रश्न सुटला. याच जमिनीला सरकारी भाषेत पुष्कळदा 'पडीक' म्हणतात.

हा शब्द आपल्याकडे इंग्रजी अमदानीत महसुलाच्या वहीबरोबर रुजला. ज्या जमिनीतून सारा नाही, ती पड. त्यापुढची समजूत अशी, की येथे पूर्वी मोठे अरण्य होते आणि माणसाने ते तोडले म्हणून माळ झाला. काही ठिकाणी तसे झालेही असेल. परंतु २०२५ मध्ये आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी एक फार मनोरंजक गोष्ट पुढे आणली. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या मराठी ग्रंथांत, ओव्यांत आणि कथांत ज्या रानवनस्पतींची नावे येतात ती जमविली. ती निघाली ४४. त्यांतील २७ माळरानाच्या वनस्पती, आणि खास दाट जंगलातल्या केवळ ३. म्हणजे तेथील माळराने किमान साडेसातशे वर्षे तरी माळरानेच आहेत. तो अभ्यास आमच्या बिदरकडचा नव्हे, हे आम्ही विसरत नाही. परंतु एकाच दख्खनचे आपण रहिवासी. तेथील माळ जुना असेल, तर आमचाही काल-परवाचा नसावा.

आता दुसरी बाजू. ती न सांगितली, तर आमचे शेतकरी बांधव आम्हांस क्षमा करणार नाहीत. कलबुर्गीची तूर देशभर प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तुरीचा कोवळा कोंब काळविटालाही तितकाच रुचतो. मूग, उडीद, ज्वारी, काहीही त्याला वर्ज्य नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला पूर्ण संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. परंतु रात्रभर शेतात शेकोटीशी बसून डबा वाजविणाऱ्या माणसाचे डोळे सकाळच्या मिस्साला मिटू लागले, तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही. नुकसानभरपाईचा कागद पुढे सरकण्यास किती दिवस लागतात, ते ज्याचे त्याला माहीत. एवढे मात्र आमच्या पाहण्यात आहे, की ज्या बाजूला गायरान नांगरले गेले, त्या बाजूच्या शेतांत कळप अधिक उतरतात. माळावर पोट भरत नसेल, तर ते बिचारे दुसरे करणार तरी काय?

चिंचोळी तालुक्यात २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. सुमारे १३४ चौरस किलोमीटरचे ते रान. तेथे लांडगा, तरस, चौशिंगा यांना आसरा मिळाला आहे. परंतु गावागावाच्या गायरानाला असा कोणी वाली नाही. आमच्या गावापुढेही हा प्रश्न आहे. गायरानाचे काय करावे, याची चर्चा ग्रामसभेत दोनदा झाली. कोणी म्हणतो, घरकुले बांधावी. ज्यांना घर नाही त्यांची नड खरी आहे, आणि ती आम्ही जवळून पाहिली आहे. कोणी म्हणतो, यंत्राने सपाट करून भाड्याने द्यावे. कोणी म्हणतो, निलगिरी लावावी. अज्जा दोन्ही सभांना आले आणि मागच्या रांगेत बसून गेले. दुसऱ्या सभेत आम्ही उभे राहून आमच्या पन्नास खड्ड्यांची हकीकत सांगितली. लोक हसले. हसण्यासारखीच ती होती. निर्णय हस्त नक्षत्रानंतर होणाऱ्या सभेवर ढकललेला आहे.

त्या खड्ड्यांचे पुढे काय झाले, असे काही मुलांनी आम्हांस परवा विचारले. रोपे आम्ही शाळेच्या कुंपणाला आणि चर्चच्या आवारात लावली, तेथे ती चांगली वाढली आहेत. खड्डे अज्जांनी आणि आम्ही मिळून बुजविले. मात्र सगळे नव्हेत. उताराच्या कडेच्या चार खड्ड्यांत त्या जुलैत पाणी साचले होते आणि ते बेडूकमाशांनी काळे झाले होते. अज्जा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हे चार. भाडेकरू आलेत." ते चार खड्डे अद्याप आहेत, आणि दरवर्षी त्यांत भाडेकरू येतात.

ज्यांना हे सर्व प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्यांनी श्रावणात यावे, पहाटे यावे, आणि कुत्रे घरी बांधून यावे. हस्ताच्या सुमारास भोवत्या नावाचे लांब पंखांचे शिकारी पक्षी मध्य आशियातून येतात आणि नाकतोड्यांवर झडप घालीत गवतावरून तरंगत राहतात. सायंकाळी ते गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. तो देखावा पाहण्यासारखा असतो, परंतु तोपर्यंत कुसळ पिकलेले असते. त्या वेळी येणाऱ्यांनी जाड पायमोजे आणावे, आणि घरी परतल्यावर ते धुवावयास टाकण्यापूर्वी बायकोची क्षमा मागावी, असे आमच्या सर्व विवाहित मित्रांचे सांगणे आहे.